तांब्यातली चव

पुणे,
६ ऑक्टोबर २०२४

आत्तीला,

लांबूनच पाया पडतो. परवा फोन केला तर तू पाच वेळा "जेवलास का" विचारलंस आणि माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. कानाचं मशीन पुन्हा पेटीत ठेवलंयस ना? म्हणून आता पत्रच. बापाच्या बहिणीनं आईच्या जागी बसून मला बाराखडी शिकवली, तिचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

बातमी अशी की आमच्या बिअरच्या कारखान्यात मला माझी स्वतःची टाकी मिळालीय. आजवर मी दुसऱ्यानं ठरवलेलं बनवत होतो. आता आमचे मालक दिग्विजयसर म्हणाले, "ऋतुराज, तू सोलापूरचा, ज्वारीचं काहीतरी कर." संक्रांतीच्या आठवड्यात जाणकार लोक चव बघायला येणार आहेत. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर टाकीत आंब्याची बिअर.

तू नेहमी विचारतेस, दारूत शिकण्यासारखं काय असतं म्हणून. ऐक तर. गव्हाची एक असते, जर्मन लोकांची जुनी. तिच्यात केळं नसतं, लवंग नसते, तरी पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तो सगळा यीस्टचा खेळ. काळी असते ती स्टाउट. तव्यावर विसरलेल्या भाकरीचा पापुद्रा खाल्ला की जी कडवट गोडी लागते, ती तिच्यात असते. बेल्जियममध्ये तर काही लोक उघड्या हौदात बिअर गार करत ठेवतात आणि वाऱ्यातून जे येऊन पडेल त्यावर ती आंबते. तुझ्या ताकाच्या जवळची चव. मी ती पहिल्यांदा प्यालो तेव्हा शेजारचे तोंड वाकडं करत होते आणि मला घरी आल्यासारखं वाटलं.

नवे प्रयोगही करतो. मागच्या महिन्यात मी आपल्या शेंगाचटणीची बिअर केली. हसू नकोस. शेंगदाण्याच्या तेलानं फेस जागीच मेला, आणि लसणाचा वास टाकीतून जाईना. सर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता खरं काम. अप्पा गेले तेव्हा मी सात वर्षांचा. त्यांचा चेहरा मला आठवत नाही गं. आठवतो तो भिंतीवरचा फोटो. पण एक गोष्ट पक्की आठवते. जर्मलच्या तांब्यातून ते काहीतरी प्यायचे आणि शेवटचा घोट मला द्यायचे. आंबट, किंचित गोड, जिभेला टोचणारं, आणि गिळल्यावर मागून एक वास. तो वास कसला, तेच सापडत नाही. आंबीलच होती ना ती? तू कशी करायचीस, सगळं लिहून पाठव. मला तीच चव टाकीत आणायचीय.

तुझा,
ऋतुराज

---

होटगी,
१५ आक्टोबर २०२४

राजा,

तुझं पत्र पोचलं. शेजारची जगदेवी वाचून दावते म्हनली, मी म्हनलं माझं डोळं अजून शाबूत हायत, कान गेलं म्हून काय झालं. चष्मा लावून तीनदा वाचलं.

शेंगाचटनीची दारू! आरं कुनी सांगितलं हुतं तुला? चटनी भाकरीसंगं खायाची आसती एवढं बी शिकवलं न्हाय व्हय मी? तुझा मालक लई सोशीक मानूस दिसतो. मी आसते तर लाटनं घेऊन मागं लागले आसते.

आंबिलीचं इचारलंस. त्यात काय हाय सांगन्यासारखं? जोंधळ्याचं पीठ राती ताकात भिजवायचं. सकाळी पान्याला आधन आलं की त्यात सोडायचं, हलवत ऱ्हायाचं, गुठळी होऊ द्यायची न्हाय. लसून ठेचून, जिरं, मीठ. गार झाली की प्यायची. उनाळ्यात लई बरी. तुझा बाप रेल्वेच्या लायनीवरनं, गँगच्या कामावरनं आला की प्यायाचा. तीच तुला दिली आसंल घोटभर.

तू सात वर्साचं पोर, तुला काय चव आठवतीया कप्पाळ. पोरं सपान बघत्यात आन् खरं धरत्यात.

दिवाळीला ये. ते टाकी-बिकी बाजूला ठेव. पाच किलो जोंधळा बांधून ठिवलाय, मालदांडी, मोत्यावानी दाना हाय. यस्टीवाल्याकडं देऊ का तू येतोस?

आत्तीचा आशीर्वाद हाय.

---

पुणे,
९ नोव्हेंबर २०२४

आत्तीला,

दिवाळीला नाही आलो, शिव्या घाल. ज्वारी मिळाली. दाणा बघून सर म्हणाले, हा दळायचा नाही, देव्हाऱ्यात ठेवायचा.

तुझ्या कृतीनं आधी साधी आंबील केली. छान झाली, मीच सगळी प्यालो. पण ती चव नाही. मग दुसऱ्या वाटेनं गेलो. बिअरसाठी आम्ही धान्याला मोड आणतो, ते वाळवतो आणि भरडतो. मोडाच्या धान्यात अशी ताकद असते की घट्ट शिजवलेली पेज तासाभरात पातळ आणि गोड होते. तुझ्या जोंधळ्याला मोड आणले, गच्चीवर वाळवले, पेजेत मिसळले, तीन दिवस आंबवले. आत्ती, प्यालो आणि अंगावर काटा आला. आंबट आहे, गोडी आहे, टोचतंयही. फक्त मागचा वास नाही.

आफ्रिकेत लोक ज्वारीची बिअर अशीच करतात, शेकडो वर्षं. त्याबद्दल वाचून मला एक शंका आली. अप्पांची आंबील साध्या पिठाची नव्हतीच. तू कधी मोड आलेल्या जोंधळ्याची करायचीस का? नीट आठवून सांग. त्या वासासाठी मी चिंचेचं लाकूड, भाजलेलं जिरं, मातीचं नवं मडकं, सगळं करून बघितलंय. काहीतरी एकच राहतंय.

तुझा,
ऋतुराज

---

होटगी,
२० नोव्हेंबर २०२४

राजा,

मोड-बिड कायी नव्हतं. ताकातलं पीठ, दुसरं कायी न्हाय. सांगितलं तेवढंच.

आंब्याची कर की. लोकांना आंबा आवडतो.

थंडी पडलीया. सांभाळून ऱ्हा.

आत्ती

---

पुणे,
८ डिसेंबर २०२४

आत्ती,

तुझं एवढंसं पत्र मी आजवर बघितलं नाही. तू किराणा दुकानदाराला चिठ्ठी लिहितेस तरी पाठपोट लिहितेस. काहीतरी लपवतेयस.

टाकी संक्रांतीला आंब्याची झाली तर मला वाईट वाटेल, पण मी मरणार नाही. खरी गोष्ट वेगळी आहे. माझ्याजवळ अप्पांची दुसरी कुठलीच आठवण नाही. आवाज आठवत नाही, चालणं आठवत नाही. एक घोट आहे फक्त. इतके महिने दुसरं-तिसरं चाखून चाखून तोही पुसट व्हायला लागलाय. परवा मला खात्रीनं सांगता येईना की तो वास जळकट होता का मातीचा. तो गेला की माझा बाप नुसता भिंतीवरचा फोटो उरेल.

म्हणून विचारतो. रागावू नकोस.

ऋतुराज

---

पुणे,
२ जानेवारी २०२५

आत्ती,

महिना होत आला, उत्तर नाही. जगदेवीमावशीला फोन केला. म्हणाली, "तब्येत बरी हाय, पन पाटीवर कायतरी लिव्हती आन् पुसती." काय लिहून पुसतेस? जे असेल ते न पुसता पाठव.

ऋतुराज

---

होटगी,
१० जानेवारी २०२५

राजा,

लिव्हते. पुसत न्हाय आता. बसून वाच, आन् वाचताना कुनी संगं नगं.

तुझा बाप काविळीनं गेला आसं तुला सांगितलं. ते खोटं न्हाय. पन कावीळ कशानं झाली ते मी सांगितलं न्हाय. तुझी आई गेली तवा तू दोन वर्साचा. त्या दुखानं तुझा बाप, माझा भीमा, प्यायला लागला. गुत्त्यावर. दिसाला दोन बाटल्या, कदी जास्त. लायनीवर हातोडा धरताना हात थरथरायचं. सायबानं दोनदा घरी धाडला. मी म्हातारीसारखी त्याच्या मागं मागं फिरायची, तू माझ्या कडेवर.

त्यो जायच्या आदल्या वर्सी पाऊस लई झाला. जमिनीतल्या धान्याच्या पेवात पानी शिरलं आन् वरच्या थराच्या जोंधळ्याला मोड आलं. टाकून कसं द्यायाचं? ऊन तर पडंना. मंग चुलीवर चाळन टांगून वाळवला. सरपन वल्लं हुतं, घरात निस्त्या तुराट्या, तुरीच्या वाळल्या काड्या, हुत्या, त्याच जाळल्या. चार दीस घर धुरानं भरलं हुतं, तू खोकून खोकून जागा. तुज्या मागच्या वासाचं नाव तुराटी हाय, राजा. तुला जिरं-चिंच करून कसं घावंल?

त्या जोंधळ्याची आंबील केली ती पातळ झाली, गोड लागली. म्हनलं आसंल कायतरी. दोन दीस गाडग्यात ऱ्हायली तर बुडबुडं यायला लागलं. भीमानं एक तांब्या पिला, भिंतीला टेकून बसला, आन् त्या सांजला गुत्त्यावर गेला न्हाय. दुसऱ्या दिवशी म्हनला, "अक्का, तीच दे की."

मला काय वाटलं सांगू? म्हनलं, हे तर धान्य हाय. आपल्या शेतातलं, आपल्या चुलीवरचं. ह्यानं काय हुतंय? पोटाला लागंल, वर त्या इखापासनं सुटंल. मंग मी मुद्दाम जोंधळ्याला मोड आनायला लागले. मुद्दाम तुराट्या जाळायचे, कारन त्याला तोच वास पायजे आसायचा. दिसाला दोन तांबं मोजून द्यायचे, तिसरा मागितला तर न्हाय.

आठ म्हयनं राजा. त्या आठ म्हयन्यांत माझा भाऊ एकदा बी गुत्त्यावर गेला न्हाय. छपरावरचं पत्रं बदललं. तुला खांद्यावर घेऊन ठेसनात मालगाडीचं डबं मोजायला न्ह्यायचा, तू वीसच्या फुडं चुकायचास आन् त्यो बी मुद्दाम चुकायचा. हुरड्याच्या वक्ताला आमी तिघं आगटीला बसलो तर त्यानं कन्नडातलं भजन म्हनलं, तुझ्या आईच्या वक्ताला म्हनायचा ते. मला वाटलं जिंकले मी.

उनाळ्यात डोळं पिवळं झालं. पोट फुगलं. सोलापुरात दवाखान्यात न्हेला. डाक्टरनं इचारलं, अजून पितो का? मी म्हनलं न्हाय, आता निस्ती घरची आंबील. कशी करता म्हनला. मी सगळं सांगितलं, लई कौतिकानं सांगितलं. तवा त्यो वरडला, "बाई, ही दारूच की! भावाला तुम्ही स्वतःच्या हातानं घरात पाजत होता?" वार्डातली सगळी मानसं बघत हुती. भीमा बी बघत हुता. सोळा दिसांनी गेला.

घरी आले आन् गाडगं दगडावर आपटलं. तेव्हापासनं ह्या घरात आंबील झाली न्हाय. साधी बी न्हाय. तुला कृती लिव्हली ती बी आठवून आठवून लिव्हली.

तू दारूचं शिकायला गेलास तवा म्हनूनच गप ऱ्हायले. मी कुन्या तोंडानं नगं म्हनू? आन् तू तीच चव मागतोस. जी चव तुझा बाप म्हनून तू जपलीस ती मी केली हुती, आन् त्याच चवीनं त्याला न्हेलं.

आता तुला काय वाटायचं ते वाटू दे. उत्तर न्हाय आलं तरी मी समजून घेईन.

सोजर

---

पुणे,
१६ फेब्रुवारी २०२५

आत्ती,

उत्तराला महिना लागला. आधी राग आला, तो लपवत नाही. चोवीस वर्षं तू मला अर्धं सांगितलंस म्हणून आला. पाच-सहा दिवस तुझं पत्र ड्रॉवरमध्ये पडून होतं. मग कामाला लागलो.

संक्रांतीला टाकीत आंबाच पडला, तुझ्या सल्ल्याप्रमाणे. लोकांना आवडला. मला नाही.

केम गावचा एक मित्र आहे, त्याच्या शेतातून तुराट्यांचा भारा मागवला. गच्चीवर विटांची चूल मांडली, चाळण टांगली, मोडाचा जोंधळा धुरावर वाळवला. दोन तासांत सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. त्यांना सांगितलं, हा जर्मनीतला प्रकार आहे, तिकडे माल्ट लाकडाच्या धुरावर वाळवून बिअर करतात, फार मान आहे तिला. ते गेले, पण दुसऱ्या दिवशी नोटीस लावून गेले.

दहाच लिटर केली. तिसऱ्या दिवशी पहिला घोट घेतला. आत्ती, तीच. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलो आणि रडलो. आणि मला अप्पांचा हात आठवला. तांब्या धरलेला हात, त्याच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. खरंच काळं होतं का गं?

आता नीट वाच, हे मुद्द्याचं आहे. माझ्या धंद्यात काचेची एक नळी असते, तिच्यात काटा तरंगतो. आंबायच्या आधी आणि नंतर मोजलं की पेयात दारू किती ते कळतं. तुझ्या कृतीनं, तुझ्याच दिवसांनी केली आणि चार वेळा मोजली. शंभरात तीनसुद्धा नाही, दोन पूर्णांक आठ दशांश. गुत्त्यावरची कुणी मोजत नाही, पण ती याच्या दहापट तरी असते, शिवाय तिच्यात काय काय मिसळतात ते देव जाणे. दोन तांबे म्हणजे त्यांच्या आधीच्या एका दिवसातला एक कोपरा.

मी डॉक्टर नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. खराब झालेल्या यकृताला तेवढीही नको होती. हे खरं आहे. पण ते आठ महिन्यांत खराब झालेलं नाही. पाच वर्षं प्यालेलं होतं ते. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांना मी सगळं सांगून विचारलं. ते म्हणाले, तोवर पाणी डोक्यावरून गेलं होतं, आणि असा पिणारा माणूस एकदम तोडला असता तर झटके येऊनही जाऊ शकला असता. वर म्हणाले, "त्या बाईंनी नकळत त्याला हळूहळू उतरवत आणलं." हे मी माझ्या मनाचं लिहीत नाही, त्यांचे शब्द आहेत.

जो डॉक्टर वॉर्डात तुझ्यावर ओरडला, त्यानं मोजलं नव्हतं. मी मोजलंय.

एक मागणं आहे. सरांनी चाखली आणि ग्लास पुन्हा भरून घेतला. मग म्हणाले, पाडव्याला ही टाकीत घालू. मी अजून हो म्हटलेलं नाही. ही तुझी आहे. तू नको म्हणालीस तर या दहा लिटरवर संपली.

आणि जमलं तर तू एकदा घरी कर. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी.

तुझाच,
राजा

---

होटगी,
५ मार्च २०२५

राजा,

व्हय, नख काळंच हुतं. डाव्या हाताचं. रुळाच्या पट्टीखाली सापडलं हुतं, तू व्हायच्या आधी. मी इसरले हुते बग. तुला आठवलं म्हून मला आठवलं.

तुझं पत्र आलं त्या दिशी मी कायबी केलं न्हाय. दुसऱ्या दिशी जोंधळा भिजत घातला. जगदेवी म्हनली, यव्वा, मटकीला मोड आनत्यात, जोंधळ्याला काय आनतीस? म्हनलं, गप बस आन् बघ. हात इसरलं नव्हतं, राजा. कापड किती वल्लं ठिवायचं, पेज बोट घालून सोसंल एवढी निवली की मंग भरडा टाकायचा, समदं आपसूक झालं. गाडगं नवं आनलं, कुंभाराला दोनदा परत केलं, ठोकल्यावर वाजंना म्हून.

इकायचं इचारलंस. खुशाल इक. पन दोन गोष्टी ऐक. पाटीवर माझं नाव घालू नगंस, तुझ्या बापाचं बी न्हाय. आन् ज्याचं हात थरथरताना दिसतील त्याला देऊ नगंस. मग त्यो किती बी पैसंवाला आसू दे. त्याला बसवायचं, जेवायला घालायचं, आन् घरी धाडायचं. हे तुझ्या मालकाला बी सांग. पटत नसंल तर म्हनावं, आंब्याचीच कर.

आता घरचं सांगते. काल दुपारी गाडगं उघडलं. बुडबुडं आलं हुतं. वाटीत घेतली आन् अंगनात बसले. भीमा समोर येऊन बसला आसलं कायी वाटलं न्हाय, तसलं मी तुला लिव्हनार न्हाय. घोट घेतला, तर मला त्याचा राग आला.

चोवीस वर्सं मी माझ्या भावावर एकदा बी रागावले न्हाय रं. माझाच हात, माझंच गाडगं, मंग रागवायचं कुनावर? काल घातल्या त्याला शिव्या. भर दुपारी, मोठ्यानं. म्हनलं, बायकू तुझीच मेली व्हय एकट्याची? माझी वैनी नव्हती ती? सात वर्साचं लेकरू माझ्या पदरात टाकून गेलास, माझं जमंल का न्हाय एकदा तरी इचारलंस? मला ऐकू येत न्हाय, तवा किती मोठ्यानं वरडले ते जगदेवीला ठावं. ती पळत आली. कुनासंगं भांडतीस गं, म्हनली, हितं तर कुनी न्हाय.

म्हनलं, भावासंगं. तू जा, आमचं अजून व्हायचं हाय.

तुझी,
आत्ती